वाटीतला ओला कोपरा

मी वाटी बोलतेय. स्वयंपाकघरातली नव्हे. एका मोठ्या शहरात, जिथे पूर्वी मोडक्या बसगाड्या गंजत उभ्या असायच्या, तिथे आता सगळ्यांसाठी खुला असलेला स्केटपार्क झालाय. त्याच्या मधोमध जमिनीत दहा फूट उतरलेला काँक्रीटचा गोल खोलगा आहे ना, तो म्हणजे मी. चाकांच्या फळ्या घेऊन येणारी पोरं मला 'बाउल' म्हणतात. पण ज्यांनी मला घडवलं ते मिस्त्री मला 'वाटी' म्हणायचे, म्हणून मीही तेच नाव धरून आहे.

माझा जन्म काही एका दिवसात झाला नाही. आधी खड्डा खणला, मग सळयांची जाळी विणली, लाकडी फर्मे लावले आणि मला तुकड्यातुकड्याने ओतलं. सगळ्यात शेवटी ओतला तो माझा सर्वांत खोल भाग. गोल वाटीला कोपरा कसला असायचा! पण कामावरची माणसं त्याला 'खालचा कोपरा' म्हणायची. माझ्या आयुष्यात जे काही घडलं ते त्या कोपऱ्यात.

मिस्त्री साठीच्या पुढचे. अंगाने काटकुळे, हात मात्र फावड्यासारखे रुंद. चाळीस वर्षं त्यांनी टाक्या, जिने, दवाखान्यांच्या फरश्या आणि शाळांच्या भिंती केल्या होत्या. पहिल्या दिवशी इंजिनिअरबाईंनी नकाशा पसरला तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "जन्मभर लोकांनी माझ्याकडून सरळ करून घेतलं. आता तुम्ही म्हणता वाकडं कर."

इंजिनिअरबाई हसल्या. त्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ लावून दाखवला. फळीवर उभी राहिलेली माणसं भिंतीवर चढत होती, हवेत वळत होती, धाडकन आपटत होती.

"पडतात की हो ही!"

"पडतात तर. पडल्याशिवाय येतच नाही हे."

"आणि पडून जातात कुठे?"

"घरंगळत खालीच येतात."

"मग खालची जागा मी घोटणार," मिस्त्री म्हणाले. "दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही."

मिस्त्रींना एक खोड होती. स्वतःचं काम पुरं झालं असं त्यांना कधी वाटायचंच नाही. थापी फिरवतच राहायचे. त्यांची बायको पूर्वी त्याच कामांवर घमेली उचलायची. संध्याकाळी ती येऊन म्हणायची, "झालं. उठा आता." तेव्हा कुठे मिस्त्री उठायचे. पुढे तिचे गुडघे गेले आणि ती घरी बसली. मग मिस्त्री कामावरूनच फोन लावायचे. "अगं, झालं म्हण की." पलीकडून ती म्हणायची, "झालं. उठा आता." सगळे गवंडी तोंडावर हात ठेवून हसायचे. मिस्त्रींना त्याचं काही वाटायचं नाही. थापी धुऊन ते घरची वाट धरायचे.

खालचा कोपरा ओतला त्या दिवशी कडक ऊन होतं. उन्हात काँक्रीट लवकर धरतं, त्यामुळे घाई होती. मिस्त्री एकटेच खाली ओणवे होऊन घोटत होते. सर्र… सर्र… त्यांची थापी माझ्या अंगावरून फिरायची तेव्हा लहान मुलाला थोपटावं तसं वाटायचं. मध्येच ते थांबले. डाव्या हाताने छाती चोळली आणि परत कामाला लागले. घाम टपटप माझ्यावर पडत होता.

चारच्या सुमाराला त्यांनी खिशातून फोन काढून लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

त्यांनी फोन खिशात ठेवला. "अजून राहिलंय वाटतं," असं स्वतःशीच म्हणाले आणि पुन्हा वाकले. थोड्या वेळाने त्यांनी उजवा पंजा माझ्या ओल्या अंगावर टेकला. उठताना आपण टेकतो ना, तसा. पण ते उठले नाहीत. भार वाढत गेला आणि मग तसाच राहिला.

वरच्या माणसांना वाटलं, मिस्त्री उताराचा कोन बघतायत.

त्यांना नेलं त्यानंतर माझ्या अंगावर पंजाचा ठसा राहिला होता. दुसऱ्या गवंड्याने डोळे पुसत तो घोटून सपाट केला. गोणपाट टाकलं, रोज पाणी मारलं. एकवीस दिवसांनी गोणपाट काढलं तेव्हा मी सगळी पांढुरकी, टणक झाले होते. फक्त खालच्या कोपऱ्यात परातीएवढी जागा काळीशार ओली होती.

"वाळेल," इंजिनिअरबाई म्हणाल्या.

वाळली नाही. महिना गेला. पाणी मारणं कधीच बंद झालं होतं. ऊन तर असं की बाकीच्या अंगाला हात लावला तर चटका बसावा. तो कोपरा मात्र गार आणि ओला. बाईंनी ओल मोजायचं यंत्र लावलं. आकडा पाहून त्यांनी यंत्र झटकलं, पुन्हा लावलं. काँक्रीट नुकतंच ओतल्यासारखा आकडा होता.

आणि रोज चार वाजता आवाज यायचा.

सर्र… सर्र…

आधी एका गवंड्याने ऐकला. तो खाली हत्यारं गोळा करत होता. हातातलं सगळं टाकून तो जो वर आला तो पुन्हा उतरलाच नाही. मग सगळ्यांनी ऐकला. चार वाजले की माणसं माझ्यापासून लांब जाऊन पाठमोरी बसायची, मोठमोठ्याने गप्पा मारायची. बाई एकदा मुद्दाम काठावर उभ्या राहिल्या. आवाज सुरू झाला तसा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गाडीत जाऊन बसल्या.

तुम्ही मला विचाराल, तुला काय वाटत होतं? मला थापी जाणवत होती. हात दिसत नव्हता, भार नव्हता, पण अंगावरून फिरणारं ते पातं तेच होतं. आधी बरं वाटलं. मग मात्र नको वाटू लागलं. थोपटून थोपटून मूल झोपायला आलं, तरी हात थांबतच नाही, तसं झालं. मला टणक व्हायचं होतं. तो कोपरा मला होऊच देत नव्हता. आणि मिस्त्री दमले होते. पातं हळूहळू अडखळायला लागलं होतं, मध्येच थांबायचं, पुन्हा फिरायचं. मला ते कळत होतं, पण मी सांगणार कुणाला?

उद्घाटनाची तारीख ठरली, फलक लागले. त्याआधी चाचणी घ्यायला एक बाई आली. पस्तिशीची, केस बारीक कापलेली, दोन्ही कोपरांवर जुने व्रण. देशोदेशीच्या वाट्या तिने पायाखाली घातल्या होत्या. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती फळी घेऊन माझ्यात उतरली, दोनदा भिंत चढली आणि तिसऱ्यांदा आठ फुटांवरून उलटी पडली, ती नेमकी खालच्या कोपऱ्यात.

इंजिनिअरबाईंनी किंकाळी फोडली. चाचणीवाली मात्र उठून बसली होती. ओरखडासुद्धा नव्हता. ती आपल्या पाठीवरून हात फिरवत होती.

"इथे काय घातलंय तुम्ही? रबर?"

"काही नाही घातलं."

ती पुन्हा वर गेली आणि या वेळी मुद्दाम पडली. मग आणखी एकदा. त्या दिवशी ती सात वेळा पडली. शेवटी वर येऊन म्हणाली, "कुणीतरी झेलतंय असं वाटतं." हसत म्हणाली, पण अंगावर काटा आलेला मला काठावरून दिसला.

इंजिनिअरबाईंचं मात्र ठरलं होतं. कच्चं काँक्रीट ठेवून पार्क उघडता येणार नाही. तो कोपरा ब्रेकरने फोडायचा आणि नवीन ओतायचा.

"फोडू नका," चाचणीवाली म्हणाली. "पोरं डोक्यावर पडतात हो. अशी जागा जगात कुठे नसेल."

"आणि उद्या ती खचली तर? मी कुणाला काय सांगू? भूत सांभाळत होतं म्हणून?"

तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला.

ब्रेकर आला त्याच दिवशी मिस्त्रींची बायको आली. नवऱ्याची थापी आणि रंधा न्यायला. ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा, प्रत्येक पावलाला गुडघ्यावर हात. बाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. बोलता बोलता चार वाजले.

सर्र… सर्र…

तिने पेला खाली ठेवला. वर्षानुवर्षं ऐकलेला आवाज तो, तिला कुणी सांगायला नको होतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"त्या दिवसापासून," बाई म्हणाल्या. त्यांची मान खाली गेली. "काकू, मी तुम्हाला सांगायला हवं होतं. पण सांगणार काय?"

काकूने पेला बाजूला सरकवला. मग म्हणाली, "फोन वाजत होता त्या दिवशी. मी कपडे पिळत होते. हात ओले होते. म्हटलं, करतील परत." तिने पदराने चष्मा पुसला. "अजून वाट बघतायत का हो ते?"

ती उठली. गुडघे असे, वर माझा उतार घसरडा. चाचणीवाली हात द्यायला धावली, तर काकू म्हणाली, "सोड गं, एवढी वर्षं याहून अवघड ठिकाणी चढले-उतरले." आणि काठावर बसून, साडी पायाशी घट्ट धरून, सरळ घसरत खाली आली. दुसऱ्या कुठल्या दिवशी सगळे हसले असते.

ओल्या जागेजवळ ती बसली. आवाज चालूच होता. तिच्या डोळ्यांसमोर, अगदी हाताच्या अंतरावर. तिने तळवा पुढे केला आणि जिथे पातं फिरत होतं तिथे ठेवला. पातं थांबलं.

"चांगलं झालंय," ती हळू आवाजात म्हणाली. "आरशासारखं झालंय. झालं. उठा आता."

माझ्या अंगावरून काहीतरी उचललं गेलं. आरशावरची वाफ उडावी तशी ओल कडेकडून आत सरकत गेली आणि तिच्या तळव्याखाली संपली. मी टणक झाले. पहिल्यांदाच सगळी टणक झाले. काकू तिथेच बसून रडली आणि वर कुणीच हललं नाही.

ब्रेकर परत गेला.

उद्घाटन झोकात झालं. फुगे, फिती, लाऊडस्पीकर. प्रमुख पाहुण्यांनी फीत कापली आणि भाषणात सांगितलं की तेही लहानपणी खूप पडायचे, म्हणूनच एवढे वर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूला पुढच्या रांगेत बसवलं होतं. मग चाचणीवालीला पहिली फेरी मारायचा मान दिला.

ती छान खेळली. पण ब्रेकर येईपर्यंत आठवडाभर ती रोज माझ्यात पडून पाहत होती ना! तिच्या शरीराला सवय लागली होती. भिंतीच्या टोकावर तोल गेला तेव्हा तिने स्वतःला सावरायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. अंग सैल सोडून दिलं, अंथरुणावर टाकावं तसं, खालच्या कोपऱ्याकडे.

हाड मोडल्याचा आवाज मी आतून ऐकला.

एवढ्या गर्दीत लाऊडस्पीकरची खरखर तेवढी ऐकू येत होती. तिला उचलून नेलं. उजवा हात दोन ठिकाणी मोडला होता, डोकं शिरस्त्राणामुळे वाचलं. जाताना ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. घरी कुणीतरी असेल म्हणून दार ठोठावावं आणि दाराला कुलूप दिसावं, तसं.

पंधरा दिवसांनी ती आली, हात गळ्यात बांधून. काकू आधीच काठावरच्या बाकावर होती. हल्ली ती रोजच दुपारी येते. माझ्यात पोरंपोरी खेळत होती. पडत होती, गुडघे धरून विव्हळत होती.

"काकू," चाचणीवाली तिच्याशेजारी बसत म्हणाली, "एकदा बोलावून बघा ना त्यांना. माझं जाऊ दे. ही लहान लहान पोरं आहेत."

काकूने तोंडावर बोट ठेवलं. आधी तिला हाताला धरून उठवलं आणि पार फाटकापर्यंत नेलं. पण वारा तिकडून माझ्याकडे येत होता आणि मला ऐकू आलं.

"बोलावलं तर येतील गं. तीच तर भीती आहे मला. म्हणून मी तिथे तोंडच उघडत नाही. चाळीस वर्षं ओणवे राबले. आता कुठे पाठ टेकलीय. राहू दे."

चाचणीवालीने माझ्याकडे एकदा वळून पाहिलं. मग माझ्याजवळ मिस्त्रींबद्दल ती कधी मोठ्याने बोलली नाही. हात बरा झाल्यावर ती आता लहान मुलांना शिकवते. कसं पडायचं ते सगळ्यात आधी शिकवते.

तर पोरांनो, माझं ऐका. मी काँक्रीट आहे. मला कुणाला झेलता येत नाही. या, खेळा, माझ्या भिंती झिजवा, पण गुडघ्याला, कोपराला, डोक्याला नीट बांधून या. पडलात तर रडा, आईला हाक मारा, मला शिव्या द्या. माझी काही तक्रार नाही.

फक्त खालच्या कोपऱ्यात पडल्यावर 'मिस्त्री' अशी हाक कुणी मारू नका. परवा एका मुलीने मारली. कुणाकडून ऐकलं होतं कोण जाणे. गमतीत मारली आणि पळाली.

झोप कच्ची आहे त्यांची. मला खालून कूस बदलल्याचं जाणवलं.