मेलेल्या डॉक्टरांची सवाष्ण

राममूर्तीरावांनी आयुष्यभर गणित शिकवलं, पण जीव रमला तो नाटकात. तंजावुरातल्या मराठी मंडळींची उत्सवातली नाटकं बंद पडली तेव्हा ते जेमतेम द्वारपालाच्या भूमिकेपर्यंत पोचले होते. म्हणून गावात केबलच्या तारा आल्या आणि त्यांचा भाचा साईराम मद्रासेत एका नव्या वाहिनीसाठी तमिळ मालिका करू लागला, तेव्हा मामांनी त्याच्या दारात धरणंच धरलं.

मालिका अशी की परग्रहावरचा एक पाहुणा पृथ्वीवर उतरतो आणि दर गुरुवारी कोणाला तरी इस्पितळात पोचवतो. मामांना मिळाले तिथल्या तातडीच्या विभागातले डॉक्टर. त्यांनी पेशंटच्या छातीला नळी लावायची, चेहरा गंभीर करायचा आणि ‘ऑक्सिजन’ म्हणायचं. बस्स, एवढंच.

तेवढ्या एका शब्दावर गावाने त्यांना डॉक्टर करून टाकलं. टाउन बसमध्ये जागा मिळू लागली, भाजीवाली वांगी तोलता तोलता गुडघा दाखवू लागली. आपण गणिताचे मास्तर आहोत हे ते आधी सांगत, मग सांगेनासे झाले. फुकटचा मान कोणाला नको असतो?

पण एका शब्दावर नटाचं पोट भरेना. मोठ्या भाषणासाठी त्यांनी साईरामचं डोकं खाल्लं. शेवटी तो वैतागून म्हणाला की या मालिकेत मोठं भाषण फक्त मरणाऱ्याला मिळतं. मामा म्हणाले, मग मार मला.

आणि काय मेले! पाहुण्याच्या किरणांपुढे छाती काढून उभे राहिले, विज्ञान, माणुसकी आणि आई या तिन्ही विषयांवर बोलले, आणि मगच घसरले. सारं गाव रडलं. घरी मात्र राममूर्तीराव मुरुक्कू खात स्वतःचं मरण डोळे भरून पाहत होते. त्यांची बायको चंद्रमती मधेच उठून स्वयंपाकघरात गेली. रडायला गेली असेल, असं वाटून ते आणखीच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी पापनाशमहून चंद्रमतीची भावजय राजलक्ष्मी आली. तिच्या नंदिताचं लग्न ठरलं होतं. चंद्रमतीला मूलबाळ नाही. नंदिता तिच्याच मांडीवर वाढलेली. लग्नाआधी सवाष्णी हळद कांडतात, तेव्हा मुसळाला पहिला हात आत्याचाच लागायचा, हे त्या पोरीने लहानपणीच ठरवून टाकलेलं. राजलक्ष्मीने कॉफी घेतली, पावसापाण्याचं विचारलं, आणि खूप आढेवेढे घेऊन सांगितलं की अक्कांनी यावं, बसावं, पण पहिला हात या वेळी दुसऱ्या कोणाचा असू दे.

राममूर्तीराव समोरच बसून कॉफी गार करत होते.

“मी जिवंत आहे की नाही?” त्यांनी विचारलं.

“आहांत की, भावजी. मज ठाऊक नाही का?” राजलक्ष्मी खाली बघत म्हणाली. “पण साऱ्या गावाने तुम्हांस गेलेलं पाहिलं. हळदीच्या वेळेस कोणी कुजबुजलं, तर पोरीच्या मनास लागेल.”

त्यांनी युक्तिवाद केला. गृहीत धरून, सिद्ध करून, शेवटी टेबलावर हात आपटून. राजलक्ष्मीने सगळं मान्य केलं आणि मत तेवढं बदललं नाही. तेव्हा चंद्रमती म्हणाली, “असू दे. मी मागे बसेन.”

आजवर तिने भांडणात एक पाऊल मागे घेतलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. आपण हौसेने मेलो आणि भोगायचं हिने, हे गणित त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

त्यांनी मद्रासची बस धरली. साईराम स्वतःच मामांसाठी एक निरोप घेऊन बसला होता. त्या मरणावर वाहिनीवाले फिदा झाले होते. पुढच्या मालिकेत त्यांना मामा वकील म्हणून हवे होते, आणि वकिलाला प्रत्येक भागात भाषण. राममूर्तीरावांनी मात्र आधी डॉक्टरांना उठवायला सांगितलं. उठवणं कठीण नव्हतं, पाहुण्याने याआधीही मेलेल्यांना उठवलं होतं. पण उठलेल्याची वाचा जाते, हा मालिकेतल्या विज्ञानाचा नियम. आणि एका वाहिनीवर मुका असलेला माणूस दुसऱ्या दिवशी तिथेच वकिली कशी करणार?

“एकच काहीतरी निवडा, मामा,” साईराम म्हणाला.

त्यांनी निवडलं, आणि वकिलाचं घरी काही सांगितलं नाही. पुढच्या गुरुवारी डॉक्टरांनी डोळे उघडले, ओठ हलवले, आवाज फुटला नाही. गावाने हळहळत का होईना, सुटकेचा श्वास सोडला.

हळदीच्या दिवशी नंदिताने आपल्या हाताने मुसळ आत्याच्या हातात दिलं. राजलक्ष्मीनेच पुढे होऊन कुंकू लावलं. तेवढ्यात नवरदेवाकडचे म्हातारे अप्पाजी राममूर्तीरावांपाशी आले आणि हातवारे करत, जेवण तरी गिळता येतं का, असं विचारू लागले. खणखणीत उत्तर द्यायला यांनी तोंड उघडलं. उखळापाशी बसलेल्या चंद्रमतीने मान वर करून नुसतं पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं आणि हातानेच सांगितलं, येतं. अप्पाजींनी डोळे पुसले. मुसळाचा पहिला घाव पडला, बायका गाऊ लागल्या, आणि पंगत उठेपर्यंत राममूर्तीराव मुके राहिले. इतकं चोख काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

परतताना बसमध्ये चंद्रमती खिडकीशी बसली. तिचे हात अजून पिवळे होते.

“वकील तुम्ही बरवा केला असतांत,” ती म्हणाली.

तिला हे कोणी सांगितलं, ते त्यांनी विचारलं नाही.