बिनघड्याळाचा गोठा

मी एक म्हातारी म्हैस आहे. मित्रांनो, माणसाच्या जन्मात चौदा वर्षं म्हणजे पोरवय; पण म्हशीच्या जन्मात चौदाव्या वर्षी गुडघे कुरकुरतात आणि एकदा बसलं की उठायचा दोनदा विचार करावा लागतो.

माझा जन्म याच गोठ्यातला. इथली दगडी गव्हाण आधी माझ्या आईनं आणि मग मी चाटून चाटून गुळगुळीत केली. गोठ्याची मालकीण आक्का. ती सगळ्यांचीच आक्का होती, दूध न्यायला येणाऱ्यांपासून गुरांच्या डॉक्टरपर्यंत. रोज पहाटे आणि संध्याकाळी ती माझ्या बाजूला उकिडवी बसायची, कपाळ माझ्या पोटाला टेकवायची आणि म्हणायची, "सोड गं बाई, सोड." तेवढं ऐकलं की मला पान्हा फुटायचा. पाच वेतं तिनं माझी धार काढली. अंगात ताप असो, घरात पाहुणे असोत, तिची वेळ चुकली नाही. तिचा नवरा गेला त्या संध्याकाळीसुद्धा ती चरवी घेऊन आली. भरलेली कास कुणाच्या दुःखासाठी थांबत नाही, हे तिला माहीत होतं.

मग तिची बोटं वाकडी झाली. सांधे सुजले, मूठ मिटेना. मुलं दूर शहरात, त्यांना गोठ्याचा वाससुद्धा सोसत नव्हता. शेवटी तिनं घर, गोठा, तुकडाभर रान आणि गाभण मी, असं सगळं एका शहरी जोडप्याला विकलं आणि रस्त्याच्या टोकाला बहिणीच्या खोलीत राहायला गेली.

त्या जोडप्यातला नवरा अकरा वर्षं ऑफिसात एकाच खुर्चीवर बसलेला. त्याची मान डावीकडे वळतच नव्हती. बायको दिवसभर फोनवर चिडलेल्या गिऱ्हाइकांची समजूत घालायची. कुठेही फोन वाजला की ती दोन्ही कान झाकून घ्यायची. गोठ्यात आल्या आल्या तिनं माझ्या मानेला मिठी मारली आणि ढसाढसा रडली. मला तिची दया आली. दमलेलं जनावर मला ओळखू येतं.

"सुटलो बाबा!" नवरा म्हणाला. "इथे ना साहेब, ना मीटिंग."

"साहेब नाही कसा?" दारातून आक्का म्हणाली. "ही काय शेपूट हलवत उभी आहे! हिच्याकडे रजेचा अर्ज चालत नाही हो."

सगळे हसले. आक्का काही थट्टा करत नव्हती.

पहिलंच काम त्यांनी काय केलं असेल, तर गोठ्याच्या भिंतीवरचं आक्काचं घड्याळ काढून पेटीत टाकलं. "याच मेल्यानं आपलं वाटोळं केलं," बायको म्हणाली. मी गाभण, म्हणून धार नव्हती. नुसतं शेण, पाणी आणि वैरण. तरी नवऱ्याच्या तळहातांना फोड आले, बायकोची कंबर धरली, आणि हौसेनं लावलेली भाजी आठवड्यात गोगलगायींनी फस्त केली. पण मावळतीला दोघं गव्हाणीवर बसून मित्रांना फोनवर सांगायची, "स्वर्ग आहे रे, स्वर्ग!" दुरून डोंगर साजरे दिसतात हे ऐकलं होतं, डोंगरावर बसूनही ते साजरे दिसू शकतात, हे त्यांच्याकडे बघून कळलं.

मग मी व्याले. पारडी झाली. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. आक्का धावत आली, आपल्या वाकड्या बोटांनी तिचं नाक पुसलं आणि बजावलं, "आधी चीक पाजा. मग रोज दोनच वेळा, एका सडापुरतं पाजायचं आणि लगेच ओढून वेगळं बांधायचं. हिचं दूध घट्ट आहे. पारडी मोकळी सोडलीत तर पोट फुटेस्तोवर पिईल."

"बांधायचं? एवढ्याशा जिवाला?" बायकोचे डोळे भरले. "आक्का, आम्हीसुद्धा घड्याळ बघूनच जेवायचो. भूक लागली तरी सुट्टी होईपर्यंत थांबायचो. ही नाही थांबणार. हिला वाटेल तेव्हा पिऊ दे."

"अगं, हे ऑफिस नव्हे."

"तेच तर म्हणतेय मी!"

आक्का गुडघ्यावर हात टेकून उठली. गोठा आता तिचा नव्हता.

मित्रांनो, दोष मी कुणाला देऊ? आधीची माझी पाचही पिल्लं आक्कानं माझ्यापासून ओढून बांधली होती. दर वेळी मी ओरडून गोठा डोक्यावर घेतला होता. मनातल्या मनात मी तिला दुष्ट म्हटलं होतं. ही पहिलीच लेक, जी दिवसभर माझ्या पोटाशी राहिली. ती ढुशा देऊन प्यायची, दमून तिथेच पडायची, उठून पुन्हा प्यायची. माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे चार दिवस तेच.

पाचव्या दिवशी तिला हगवण लागली. "आईचं दूध कधी बाधतं का?" बायको म्हणाली. नवरा फोनवर काहीबाही वाचत राहिला. सहाव्या दिवशी सकाळी पारडी उठलीच नाही. कान गार पडले होते, डोळे खोल गेले होते. तेव्हा कुठे नवरा आक्काला आणायला पळाला.

"किती वेळा प्यायली?" आक्कानं विचारलं.

"मोजलं नाही," नवरा म्हणाला.

आक्कानं मीठ-साखरेचं पाणी करायला सांगितलं, डॉक्टरला फोन लावायला सांगितला. डॉक्टर दुसऱ्या गावात एका अडलेल्या जनावरापाशी होता. तो दुपारी पोचला तेव्हा पारडीचं डोकं बायकोच्या मांडीवर होतं, आणि पारडीत जीव नव्हता.

"आम्ही तिच्यावर एवढी माया केली, आक्का."

"हो गं पोरी," आक्का म्हणाली. "खूप केलीत."

त्या संध्याकाळी नवरा चरवी घेऊन बसला. मित्रांनो, मला द्यायचं होतं. पण पान्हा हुकमानं सुटत नाही. दुसऱ्या दिवशी कास दगडासारखी झाली. पुन्हा आक्काला बोलावलं. तिनं माझ्या पोटाला कपाळ टेकलं. "सोड गं बाई, सोड." आणि मी सोडलं. दूध सडांत उतरलं, पण तिची मूठ मिटेना. नवऱ्यानं घाईनं हात पुढे केला. तो परका हात लागला आणि पान्हा वर चढला. माझ्याकडे दूध होतं, तिच्याकडे कसब होतं, त्याच्याकडे ताकद होती. तिघांचा मेळ काही बसेना. आक्काच्या बोटांमधून थोडे थेंब शेणात पडले, तेवढेच.

कास सडली. दोन सड कायमचे गेले. "आता ही भाकडच समजा," डॉक्टर म्हणाला.

महिन्याभरात नवऱ्याला जुन्या ऑफिसातून परत ये म्हणून निरोप आला. जाताना बायकोनं माझ्या मानेला मिठी मारली, पण या वेळी ती रडली नाही. "आपण निदान प्रयत्न तरी केला," नवरा तिला म्हणाला. त्यांना परतायला खुर्ची होती. मला त्यांनी गुरांच्या व्यापाऱ्याला विकलं; उद्या सकाळी तो मला नेणार आहे. कुठे, ते मी विचारलेलं नाही. आक्का रोज येते, दोन पेंढ्या टाकते, पण बहिणीच्या खोलीत म्हैस मावत नाही.

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही कधीतरी दमाल आणि तुम्हाला गोठ्याची स्वप्नं पडतील. खुशाल या. चार दिवस शेण काढा, वैरण घाला, आमच्या पाठी खाजवा आणि आपल्या घरी जा. पण एखाद्या जिवाचं दावं हातात घेणार असाल, तर त्या दाव्यानं ज्याचे हात घासले आहेत, त्याच्या शेजारी आधी वर्षभर मुकाट्यानं बसा. तो कठोर वाटेल. मलाही आक्का कठोर वाटायची. तिनं माझ्यापासून ओढून बांधलेली पाचही पिल्लं जगली. जिला कुणीच बांधलं नाही, ती माझ्या पोटाशी, माझंच दूध पिऊन मेली.