हवेच्या नळीची माद्रिना

बोलिव्हियाच्या डोंगरमाथ्यावरच्या एल आल्तोमध्ये माद्रिनाशिवाय, म्हणजे धर्ममातेशिवाय, पान हलत नाही. लग्नाच्या केकला माद्रिना लागते, पोराच्या जावळाला लागते, घराचा स्लॅब पडला की त्यालाही लागते. ती त्या वस्तूसाठी हात सैल सोडते आणि मग जन्मभर तिच्यावर हक्क सांगते. त्यामुळे मार्लेनी तिकोनानं गाडीच्या हवेच्या नळीला माद्रिना शोधली तेव्हा गल्लीत कुणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते फक्त तिच्या बापाला.

"नळीला माद्रिना?" एलियोदोरो म्हणाला. "उद्या नटबोल्टांची बारशी घाला!"

"तुम्ही कवडी काढायला तयार नाही, मग मी काय करू?"

कवडीचा प्रश्न नव्हताच. गाडीची जुनी नळी एलियोदोरोनं स्वतःच्या हातानं बसवली होती, हे खरं दुखणं. गाडी लाल, दोन दारांची, जपानी, मार्लेनीच्या भावापेक्षा, ग्रोव्हरपेक्षा, वयानं दोन वर्षांनी मोठी. जुनी नळी रबराची, घड्याघड्यांची. तीन वळणं घेत ती रेडिएटरच्या मागून जायची आणि इंजिनाला हवा द्यायची ती तापलेली, वर उपकार केल्यासारखी. खालून सांता क्रूसहून पाहुणे आले की आमच्याकडचे दोन जिने चढताना धापा टाकतात आणि आम्ही हसतो. पण इंजिन कुठलंही असो, या उंचीवर ते पाहुणंच. त्याला श्वास पुरत नाही. मार्लेनीला हे कळत होतं, कारण अकरा वर्षं ती बापाच्या गॅरेजात त्या धापा ऐकत होती.

अकरा वर्षं, आणि काम काय? ऑइल बदलणं, ब्रेकच्या पट्ट्या घासणं. गॅरेजात पंक्चर काढणाऱ्यालासुद्धा सगळे 'उस्ताद' म्हणायचे. मार्लेनीला म्हणायचे 'ए पोरी'. पोरगी तिशीला आली होती.

तिनं 'सोळा जुलै' नावाच्या बाजारातून रुंद अॅल्युमिनियमचा पाइप आणला. आतून घासून घासून तो इतका गुळगुळीत केला की बोट ठरेना. त्याला एकच सावकाश वळण दिलं. नरसाळ्यासारखं तोंड पुढे आणून उजव्या दिव्याच्या शेजारी बसवलं, म्हणजे बाहेरची गार हवा थेट आत. मध्ये हवेचा डबा हवा होता. तो तिनं सूप शिजवायच्या वीस लिटरच्या हंडीचा केला. झाकणाला क्लिपा, आत फिल्टर. हवा वाढली म्हणजे पेट्रोलही वाढायला हवं, म्हणून कार्ब्युरेटरचे जेट एक नंबर मोठे घातले. हंडी, पाइप, वेल्डिंग, सगळं झालं कासिमिरा माद्रिनाच्या जिवावर. ही बाई कापडाची मोठी व्यापारीण. डोक्यावर तिरकी हॅट, अंगावर घेरदार पोयेरा घागरा, आत चार परकर आणि तोंडाला कुलूप नाही.

"माझी नळी कुठून कुठे जाते ते नीट दाखव," ती म्हणाली होती. "उद्या कुणी विचारलं तर सांगता यायला हवं."

मार्लेनीनं दिव्याजवळच्या तोंडापासून हंडीपर्यंत बोट फिरवून सगळं दाखवलं होतं.

रविवारी तिनं आणि ग्रोव्हरनं गाडी ओरूरोच्या सरळ रस्त्यावर काढली. पूर्वी फेऱ्यांचा काटा चार हजारावर गेला की इंजिन सुस्कारा टाकायचं. आता तिथूनच ते गर्जायला लागलं. नळीच्या तोंडातून असा आवाज येत होता की छातीत धडधडावं. ग्रोव्हर ओरडला, "अगं ए, ही आपलीच गाडी ना?" आणि मार्लेनी वेड्यासारखी हसत सुटली.

घरी आल्यावर बापानं अट घातली. "कुंब्रे खिंडीच्या चढाईच्या शर्यतीत गेल्या वर्षी आठ मिनिटं चार सेकंद लागले. तुझ्या नळीनं आठच्या आत वर जाऊन दाखवा. नाही जमलं तर नळी भिंतीवर, तू ऑइलवर, आणि पुन्हा माझ्यासमोर इंजिनाचं नाव काढायचं नाही."

"आणि जमलं तर?"

"आधी जमू दे."

शर्यतीच्या सकाळी रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग लागली होती. बायका आपीचे, मक्याच्या गरम पेयाचे, पेले विकत होत्या, सालतेन्या करंज्यांमधला रस लोकांच्या कोपरापर्यंत ओघळत होता. चढाईआधी गाडीची चाय्या झालीच पाहिजे. पहिला घोट पाचामामाला, धरणीला, मग गाडीवर बिअर, फुलांच्या पाकळ्या, रंगीत कागदाच्या टिकल्या. त्याशिवाय स्टार्टर मारायची आमच्यात कुणाची छाती नाही. एरवी बॉनेट उघडून इंजिनावरच शिंपडतात.

कासिमिरा माद्रिना बाटली आणि टिकल्यांची पिशवी घेऊन हजर झाली, तशी मार्लेनी आडवी आली. "इंजिनावर नको हं, माद्रिना! एक टिकली कार्ब्युरेटरात गेली की संपलं. बॉनेट बंद आहे, वरून हवं तेवढं घाला."

माद्रिनानं ओठ मुडपले. शेजारच्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवावा तसे तिनं बॉनेटवर दोन थेंब टाकले. मार्लेनी हेल्मेट आणायला गेली. परत आली तेव्हा माद्रिना दिव्यापाशी उभी राहून ॲप्रनला हात पुसत होती आणि तिचा चेहरा आता चांगलाच समाधानी दिसत होता.

चढाईच्या दोन फेऱ्या असतात, त्यातली चांगली धरतात. गाडीत ग्रोव्हर स्टिअरिंगवर आणि मार्लेनी शेजारी, मांडीवर वळणांची वही. झेंडा पडला. गाडी उसळली, आणि पहिल्या वळणानंतर मार्लेनीनं कान टवकारले. आवाजच नव्हता. रविवारची ती गर्जना कुठे गेली होती कोण जाणे. घसा बसलेल्या माणसासारखी गाडी नुसती घोगरं बोलत होती.

"डावं, लांब, मग उजवं आखूड!" ती ओरडली. "दाब ना!"

"दाबलंय! पार तळाला गेलाय पाय!" ग्रोव्हर ओरडला. "काटा चार हजाराच्या वर जायला तयार नाही! मागं बघ, धूर बघ!"

मागं काळाकुट्ट धूर होता आणि आत पेट्रोलचा वास. वर पोचायला आठ मिनिटं एकवीस सेकंद लागले. जुन्या रबरापेक्षाही वाईट.

खाली आल्यावर एलियोदोरोनं सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवलं आणि ते काळं बोट लेकीसमोर धरलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"पेट्रोल जास्त, हवा कमी," तो म्हणाला. "तुझी नळी दिसायला रुंद आहे, पण श्वास घेत नाही. मी जुनी पोत्यात घालून आणली आहे. पंचवीस मिनिटं आहेत. बदल."

मार्लेनीला रडू आलं आणि त्या रडण्याचाच राग आला. तिनं पाना हातात घेतला. चारही बाजूंनी लोक बघत होते, त्यात बाजूच्या निळ्या गाडीवाले तर मान लांब करकरून. तिचा हात रबरी नळीकडे जाईना. रविवारी याच नळीनं गाडी गर्जत होती. नळी तीच, जेट तेच, पेट्रोल त्याच पंपावरचं. मग रविवारपासून आजपर्यंत बदललं काय? हवा कमी पडते म्हणजे हवा कुठेतरी अडते. आणि अडायला जागा एकच आहे.

तिनं हंडीच्या क्लिपा फटाफट उघडल्या आणि झाकण काढलं.

फिल्टर फुगून दुप्पट झाला होता. त्याच्या घड्यांमध्ये गुलाबी, पिवळा, हिरवा लगदा गच्च बसला होता आणि हंडीतून बिअरचा वास येत होता.

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं लगदा पटकन मुठीत दाबला. खरं बोलावं तर माद्रिनाची सगळ्या शर्यतीसमोर शोभा, न बोलावं तर स्वतःच्या नळीला बट्टा.

"काय आहे ते?" बापानं विचारलं.

"काही नाही. रस्त्यावरचा कचरा ओढला गेलाय."

"कचरा?" कासिमिरा माद्रिना गर्दीतून पुढे घुसली. "कचरा म्हणतेस त्याला? पाव किलो टिकल्या आहेत, दुकानातल्या सगळ्यात चांगल्या! आणि आख्खी बाटली!"

सगळ्यांच्या माना मार्लेनीच्या मुठीकडे वळल्या.

"माद्रिना," मार्लेनी हळूच म्हणाली, "मी म्हटलं होतं ना…"

"इंजिनावर नको म्हणालीस. इंजिनाला मी बोट तरी लावलं का? मी नळीची माद्रिना आहे, बॉनेटची नव्हे! माझं लेकरू कोरडं ठेवून दुसऱ्याच्या टाळूवर ओतू?" मग तिनं मार्लेनीच्या मुठीतला लगदा पाहिला, एलियोदोरोचं काळं बोट पाहिलं आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "म्हणजे… मीच गळा दाबला होय गं तिचा?"

निळ्या गाडीवाले खो खो हसले. एलियोदोरोची मिशीसुद्धा हलली.

"दुसरा फिल्टर?" त्यानं विचारलं.

"गॅरेजात आहे, फळीवर," ग्रोव्हर म्हणाला. "फिल्टरशिवाय पळवू, काय होतंय?"

"वर सगळी रेती उडते!" बाप आणि लेक एकदम ओरडले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकच खडा आत गेला तर इंजिनाचे बारा वाजले असते.

"मग रबरी," एलियोदोरो म्हणाला. "वीस मिनिटं राहिली."

"थांबा!" कासिमिरा माद्रिनानं गाठोडं सोडून त्यातून कात्री काढली. कापडवालीच्या गाठोड्यात कात्री नाही असं होत नाही. "सगळे बाप्ये तिकडे तोंड करा! ए निळ्या, तूसुद्धा!"

बाप्यांनी तोंडं फिरवली. पोयेरा सळसळली, कात्री कचकच चालली, आणि माद्रिनाच्या हातात हातभर रुंद पांढऱ्या जाळीची झालर आली. सगळ्यात आतल्या, सणाच्या परकराची.

"तीस वर्षं कापड विकतेय मी," ती म्हणाली. "ही बघ. एक पदर उभा, एक आडवा. माती अडते की नाही तूच सांग." तिनं रस्त्यावरची चिमूटभर रेती दुहेरी जाळीवर टाकली. एक कण खाली पडला नाही. मग जाळी मार्लेनीच्या तोंडापुढे धरून तिनं जोरात फुंकर मारली. मार्लेनीच्या पापण्या फडफडल्या. जाळी मधे आहे असं वाटलंच नाही.

"एवढा वारा पुरतो का गं तिला?"

"पुरतो! पुरून उरतो!" मार्लेनीनं फिल्टरचा भिजका कागद फाडून फेकला. उरला नुसता तारेचा सांगाडा. त्यावर ती जाळी ताणायला लागली, पण घाईत टोकं सुटत होती. तेवढ्यात दोन जाड, काळी बोटं आली आणि त्यांनी टोक घट्ट धरून ठेवलं. बोटं एलियोदोरोची होती. तिनं तार आवळली. मग त्यानं गळ्यातला लोकरी मफलर काढला, नळीत कोपरापर्यंत हात घालून आतलं वळण कोरडं केलं आणि रबरी नळीचं पोतं पायानं बाजूला सारलं.

झेंडा पडला.

गाडी सुटली ती थेट आभाळाकडे. काटा चार हजारावर आला आणि मार्लेनीनं श्वास रोखला. पाच हजार. सहा हजार. दिव्याशेजारून ती गर्जना उठली, रविवारचीच, उलट जास्तच, आणि डोंगरानं ती परत फेकली. "उजवं, उघडं, पूर्ण दाब!" ती ओरडत होती. "डावं आखूड, मग सरळ, सरळ, दाब रे!" ग्रोव्हर गात होता की शिव्या देत होता ते कळायला मार्ग नव्हता. रेती काचेवर तडतडत होती, आत मात्र इंजिन स्वच्छ, मोकळ्या गळ्यानं बोलत होतं. मागं धुराचा मागमूस नाही. शर्यत संपते तिथला पांढरा ख्रिस्ताचा पुतळा एकदम समोर आला, एवढ्या लवकर की मार्लेनीला वाटलं वहीचं एखादं पान उलटायचं राहून गेलं.

सात मिनिटं एकावन्न.

ग्रोव्हर दार उघडून रस्त्यावरच नाचायला लागला. मार्लेनी जागची उठली नाही. वही छातीशी धरून ती हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि या खेपेला त्या पाण्याचा तिला राग आला नाही.

लाउडस्पीकरनं खाली आधीच सांगितलं होतं. गाडी खाली आली तेव्हा माणसांनी तिला गराडा घातला. कासिमिरा माद्रिना सगळ्यांना ओरडून सांगत होती की नळी तिची आणि परकरही तिचा. निळ्या गाडीवाला तिला जाळीचं कापड कुठल्या दुकानात मिळतं ते विचारत होता.

एलियोदोरो बिअरची नवी बाटली घेऊन गर्दीतून आला. पहिला घोट त्यानं वाकून धरणीला दिला. मग तो लाल गाडीपुढे उभा राहिला. बॉनेटकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं त्यानं गाड्यांवर बिअर ओतली होती आणि कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"कुठं ओतू, उस्ताद?" त्यानं विचारलं.

दोघंतिघं वळून बघायला लागले, कोण उस्ताद म्हणून. शर्यत बघायला आलेला गॅरेजातला पंक्चरवाला तर ओ देणारच होता. पण एलियोदोरो लेकीकडे बघत होता.

मार्लेनीनं आधी नळीच्या तोंडावर तळहात घट्ट दाबून धरला. मग दुसऱ्या हातानं पुढचं चाक दाखवलं.

"इथं ओता, बाबा," ती म्हणाली. "बेतानं."