सुटातला पेशंट

कडूबांनी टायची गाठ अर्धी वर सरकवली आणि ते पलंगाच्या कडेला बसले. गाठ तशीच छातीवर लोंबत राहिली. धम्मशीला गाडीची किल्ली घेऊन दारात उभी होती.

"पप्पा, आपण हॉस्पिटलला चाललोय. टाय कशाला? तुम्हाला इतका दम लागते आहे."

"लागतो," कडूबा म्हणाले. पुढच्या शब्दापुरती हवा अजून आली नव्हती, तिची त्यांनी वाट पाहिली. "दम... लागतो. लागते नाही."

इंग्लंडात, नॉटिंगहॅममध्ये जन्मलेल्या मुलीचं मराठी सुधारायचं काम त्यांनी आजवर कधी रजेवर ठेवलं नव्हतं. पण दोन शब्दांच्या मध्ये त्यांना असं थांबावं लागलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं. तिने पुढे होऊन ती गाठ स्वतःच वर केली.

सरकारी दारात जायचं तर सुटात, हा कडूबांचा नेम होता. त्यांच्या वडिलांना तहसील कचेरीच्या पायरीवरच थांबवलं जायचं, आणि घरातल्या भिंतीवर मात्र बाबासाहेबांचा कोटातला फोटो होता. या दोन्हींवरून लहानग्या कडूबाने जो धडा घ्यायचा तो घेतला. पुढे नॉटिंगहॅमला येऊन त्यांनी बस चालवली, ते कौन्सिलशी, म्हणजे तिथल्या नगरपालिकेशी भांडले, मुलीच्या शाळेत पेरेंट्स इव्हिनिंगला गेले. बसचा युनिफॉर्म सोडला तर बाकी सगळं सुटात. नीटनेटक्या माणसाला कुणी सहजासहजी बाहेर काढत नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दम लागलेल्या माणसाच्या बाबतीत त्याचा काय परिणाम होतो, हे मात्र कुणी तपासून पाहिलं नव्हतं.

ए अँड ई, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागातल्या नर्सने त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं.

"काय स्मार्ट दिसताय. आज कुणाचं लग्न आहे?" असं म्हणत तिने त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. "कसं वाटतंय तुम्हाला?"

"फाइन, थँक यू," कडूबा म्हणाले. "आणि तुम्ही कशा आहात?"

धम्मशीलाने डोळे मिटून घेतले.

"चौऱ्याण्णव. लव्हली," नर्स म्हणाली.

त्यांना एक बेड मिळाला, तीन बाजूंनी निळे पडदे असलेला. बऱ्याच वेळाने एक तरुण डॉक्टर आला. दाढी नीट न उगवलेला, डोळ्यांखाली जागरण. छातीत इन्फेक्शन आहे, तो म्हणाला. अँटिबायोटिक्स देतो, घरी जाऊन आराम करा, आकडा ब्याण्णवच्या खाली गेला तर परत या. कडूबांनी मान हलवली आणि उठायला म्हणून बेडच्या दांड्याला हात घातला. तो दांडा त्यांनी फार घट्ट धरला होता.

ब्रॅकनेलच्या एका कंपनीसाठी धम्मशीला सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टींवर अविश्वास दाखवण्यावर तिचं पोट चालत होतं. पण ऑफिसात दाखवायचा अविश्वास वेगळा आणि इथे, आधीच थकलेल्या माणसासमोर दाखवायचा वेगळा. भांडखोर एशियन बाई आली, असं पडद्यामागे कुणी म्हणालेलं तिला नको होतं. ती पप्पांच्या बोटाकडे बघत राहिली. काळंभोर बोट, त्यावर तो चिमटा, चिमट्याच्या फटीतून येणारा लाल उजेड. आतमध्ये तो उजेड नेमकं काय बघत असेल, असा प्रश्न तिला पडला. आणि एकदा प्रश्न पडला की तिला गप्प बसता येत नसे.

"एक विचारू? हा चिमटा कुणावर टेस्ट केलेला असतो?"

"म्हणजे?"

"म्हणजे टेस्ट करताना माझ्या वडिलांच्या बोटासारखी बोटं किती होती?"

डॉक्टरने चिमटा काढून उलटा करून पाहिला. उत्तर जणू मागच्या बाजूला छापलेलं असणार होतं.

"माहीत नाही मला," तो म्हणाला.

इतक्या सरळपणे कुणी हे कबूल केलं की धम्मशीलाला तो माणूस आवडायचा.

"कॉलेजात यावर एक स्लाइड होती," तो पुढे म्हणाला. "त्वचा काळी असेल तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. तेवढीच एक स्लाइड."

"मग खरा आकडा कसा कळतो?"

"मनगटातून रक्त घेऊन. पण ते दुखतं. आणि तुमचे वडील तर चांगले दिसतायत."

"ते सुटामुळे," धम्मशीला म्हणाली. "पप्पा, कोट काढा."

कडूबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू चारचौघांत तिने त्यांना काहीतरी लाजिरवाणं करायला सांगितलं होतं. पण नाही म्हणायलाही हवा लागते. तिने कोट उतरवला, टाय सोडला, शर्टाची बटणं काढली. प्रत्येक श्वासाला त्यांच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, गळ्याखाली खळगा पडत होता. डॉक्टरने ते पाहिलं. मग त्याने सुई आणायला सांगितलं.

रक्तातला आकडा निघाला सत्त्याऐंशी.

नंतर सगळं भराभर झालं. तोंडावर मास्क आला, हातात सुई गेली, वर वॉर्डात बेड सांगितला गेला. डॉक्टर सॉरी म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. धम्मशीलाला आधी हायसं वाटलं आणि पाठोपाठ राग आला. ती गाडीची किल्ली मुठीत आवळून बसली. तिने विचारलं नसतं तर आत्ता ती पप्पांना घेऊन घरच्या रस्त्याला लागली असती.

कडूबांना मात्र हुशारी आली होती. मनगटावर कापसाचा बोळा चिकटवलेला होता आणि ते मनगट फिरवून फिरवून तो बघत होते.

"दोन्ही आकडे सांग बरं परत," मास्क जरा बाजूला करून ते म्हणाले. तिने सांगितले. "मग खोटं कोण बोलत होतं? हा चिमटा, की..."

"तुम्ही दोघंही, पप्पा."

ते मास्कमध्ये हसले. काच धूसर व्हावी तसं मास्कचं प्लास्टिक धूसर झालं.

"म्हणजे यंत्रालाही रंग दिसतो म्हण की."

"दिसत नाही, तोच प्रॉब्लेम आहे. बनवताना त्याला हा रंग नीट दाखवलाच नाही कुणी."

हे त्यांना फार आवडलं. आणखी काही विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारच्या पडद्यामागून मघाच्याच नर्सचा आवाज आला.

"पंचाण्णव, मिस्टर लिंडो. मस्त. तुम्ही घरी जाऊ शकता."

नर्स बाहेर पडली तेव्हा पडदा जरा उघडा राहिला. पलीकडे कडूबांच्याच वयाचा, त्यांच्याहूनही काळा एक गृहस्थ बेडवर बसला होता. इस्त्रीची पँट, मांडीवर हॅट. त्याने हॅट बाजूला ठेवली, वाकून एक बूट घातला आणि तो तसाच वाकलेला राहिला. दुसरा बूट शेजारी पडून होता. त्याचे खांदे वरखाली होत होते.

कडूबांनी ते पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं.

"सांग त्यांना."

"पप्पा, असं नाही करता येत इथे. प्रायव्हसी असते. आपण कोण त्यांचे? आणि मी मघाशीच इतकं..." ती थांबली. "त्यांनी विचारलं तर सांगेन."

"ते कसे विचारतील? त्यांना माहीत आहे का काही?"

धम्मशीलाने पडद्याच्या फटीतून पाहिलं. पलीकडे दुसऱ्या बुटात पाय घालायचा प्रयत्न चालला होता.

"बरं, मग मला विचार," कडूबा म्हणाले.

"काय विचारू?"

"कसं वाटतंय ते. इंग्लिशमधून. मोठ्याने."

तिला वेळ लागला, पण समजलं. तिने खुर्ची पडद्याच्या बाजूला सरकवली, घसा साफ केला आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं इंग्लिशमध्ये विचारलं, "डॅड, कसं वाटतंय तुम्हाला?"

कडूबांनी मास्क हनुवटीखाली ओढला. शर्टाची बटणं उघडी, टाय उशीवर. बसमध्ये स्टॉपची नावं सांगावीत अशा मोठ्या, संथ इंग्लिशमध्ये ते बोलायला लागले.

"वाईट. फार वाईट वाटत होतं. मला श्वास घेता येत नव्हता. बोटाचं मशीन सांगत होतं, ऑल राइट." इथे त्यांना थांबावं लागलं. धम्मशीला मास्क वर करायला पुढे झाली, त्यांनी तिचा हात बाजूला केला. "काळ्या बोटावर ते चुकतं. मग इथून, मनगटातून रक्त घेतलं. तेव्हा त्यांनी मला ऑक्सिजन दिला."

पलीकडची खुडबुड बंद झाली.

धम्मशीलाने मास्क त्यांच्या तोंडावर नीट बसवला. ते डोळे मिटून भराभर श्वास घेत राहिले. नर्स डिस्चार्जचे कागद घेऊन आली, तिने पलीकडचा पडदा सरकवला आणि ती तिथेच थबकली. मिस्टर लिंडोंनी घातलेला बूट परत काढून ठेवला होता. शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडून त्यांनी मनगट तिच्यासमोर धरलं होतं.