नलूने पाठवलेली भरती

थळच्या नलूचा आवाज मासळीबाजारात दुरून ओळखू यायचा. बावन्नाव्या वर्षी घशाच्या कॅन्सरात स्वरयंत्र काढावं लागलं आणि तो आवाज गेला. गळ्याला श्वासापुरतं भोक राहिलं. त्यावर पातळ फडकं बांधून ती ओटीवर बसून राहायची.

सून प्राप्तीने तिला फोनवर कॅन्सरवाल्यांच्या एका ग्रुपात घातलं. "आई, तुम्ही नुसतं ऐका," ती म्हणाली.

तिथं माणसं एकमेकांना बोलून निरोप पाठवायची. कुणाचे केस गेलेले, कुणाची चव. नलूला लिहिता येत नव्हतं. ती डोळे मिटून ऐकायची. न पाहिलेले चेहरे पाण्याखालून वर यायचे, जरा थांबायचे, विरघळायचे.

एका दुपारी माणगावची आरोही बोलली. शाळेत शिकवणारी पोर, चौथी केमो झालेली. "तीन दिवस डोळ्याला डोळा नाही. कुणीतरी काहीतरी बोला ना."

नलूने ओठ हलवले, गळ्याच्या भोकातून नुसता वारा. मग ती उठली आणि अनवाणीच किनाऱ्यावर गेली. भरती चढत होती. तिने निरोपाचं बटण दाबून फोन पाण्याजवळ धरला. लाट वाळूवर पसरली, फेस कुजबुजत विरला, मागून दुसरी आली. पाच मिनिटं ती तशीच वाकून उभी राहिली. मग ते पाठवून दिलं.

संध्याकाळी उत्तर आलं. "मी झोपले. स्वप्नात माझं अंथरूण होडी झालं होतं. हा नंबर कुणाचा?"

प्राप्तीने सासूचं नाव आणि सगळी हकिकत लिहून कळवली.

पुढे प्रत्येक केमोला नलू आरोहीला भरती पाठवायची. इतरही मागू लागले. उरणचे दिनानाथ शेवटच्या आठवड्यात तेच ऐकत पडून असायचे, असं त्यांच्या मुलीने सांगितलं. त्या दिवशी नलू कितीतरी वेळ पाण्यात पाय सोडून बसली.

माघात उपचार संपले आणि आरोही थळला आली. डोक्यावर बोटभर केस. दोघी ओल्या वाळूवरून चालल्या. धुक्यात होड्या अधांतरी दिसत होत्या.

"काकी, बोला काहीतरी. मी ओठ वाचते."

नलूने सावकाश ओठ हलवले.

"बोंबील?" आरोहीने विचारलं.

नलूने 'थांबशील?' असं विचारलं होतं. तिचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, पण डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ती हसली. आजारानंतर पहिल्यांदाच. तिने वाळूकडे, मग घराकडे बोट दाखवून गालाखाली हात ठेवला, तेव्हा आरोहीला कळलं.

ती दोन दिवस राहिली.