अंबोच्या तारल्या

समजा, तुम्ही पाचवीत आहात आणि बाईंनी आत्ताच तुमच्या इंग्रजीच्या पेपरावर इतक्या जोरात फुली मारली, की कागद फाटला. तुम्ही काय कराल? लुनिंग ताडकन उभी राहिली.

समार बेटावरच्या त्या शाळेचा नियम होता: उतारा वाचून सहापैकी चार उत्तरं बरोबर आली नाहीत, तर दुपारभर दुसरीच्या बाकावर बसायचं. लुनिंगची तीन बरोबर होती. हे एक धरलं असतं, तर चार. आणि दुसरीत तिचा धाकटा भाऊ होता.

उतारा कोर्देरोबाईंनी स्वतः लिहिला होता. पौर्णिमेच्या रात्री अंबो होडीत बत्ती लावून समुद्रावर गेला. चांदणं लख्ख होतं, म्हणून त्याला टोपलीभर तारल्या मिळाल्या.

"अंबोला एवढे मासे का मिळाले?" बाईंनी प्रश्न वाचला. "आणि तू काय लिहिलंस? 'मिळाले नाहीत. अंबो खोटं बोलतो.' चेष्टा करतेस माझी?"

"नाही बाई. पुनवेला बत्तीला कोण विचारतं? सगळं पाणीच उजळलेलं असतं. मासा बत्तीखाली येतच नाही. माझे बाबा पुनवेला जाळं शिवत बसतात."

"तुझ्या बाबांवर पेपर नाहीये! उताऱ्यात आहे तेवढंच लिहायचं."

मागून रोदेल फिसकन हसला. "जा गं दुसरीत. भाऊ जागा धरून ठेवेल."

लुनिंग गर्रकन वळली. "तुझ्या घरी होडी आहे ना रे? मग सांग की! जातो का तुझा बाप पुनवेला?"

रोदेल खाली बघू लागला.

बाई शहरातून आलेल्या. त्यांनी वर्गाकडे पाहिलं. "कोणाकोणाच्या घरी होडी आहे?"

एकोणतीस हात वर झाले.

"पुनवेला कोण जातं?"

सगळे हात खाली.

"मग चांदण्यामुळे मासे मिळाले, असं का लिहिलंत?"

"मार्क पाहिजेत ना, बाई," लहान मुलाला समजवावं तसं रोदेल म्हणाला.

बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"तरी उतारा तो उतारा," त्या म्हणाल्या. पण आता आवाजात जोर नव्हता.

लुनिंगने फाटका पेपर ओढून घेतला. फुलीच्या खाली, इंग्रजीत, पेन्सिल दाबून दाबून तिने सातवा प्रश्न लिहिला: अंबो खोटं का बोलला? उत्तरासाठी दोन ओळी आखल्या. पेपर बाईंसमोर ठेवला, आणि हाताची घडी घालून तिथेच उभी राहिली.