किमयाच्या खोलीतले डास

पेणच्या बाजारात जुहेबच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात शकू बराच वेळ उभी होती. जुहेबने काउंटरवर डास पकडायची तीन यंत्रं मांडली होती आणि तिचं मन काही ठरत नव्हतं.

"ही निळ्या दिव्याची लोक फार नेतात, काकी," जुहेब म्हणाला. "पण खरं सांगू? हिच्यात पाखरं मरतात, चिलटं मरतात. डेंग्यूचा डास दिव्याला भुलत नाय. तो दिवसा चावणारा, त्याला दिव्याचं काय?"

"मंग तो कशाला भुलतो?"

"माणसाला. माणसाच्या वासाला, उबेला."

त्याने डब्यासारखं काळं यंत्र पुढे ओढलं. आत छोटा पंखा, खाली जाळीची पिशवी, आणि वर एक पुडी खोचलेली. पुडीला घामट, माणसाच्या अंगासारखा वास होता. शकूने ती नाकाशी नेली आणि पटकन खाली ठेवली.

"डासाला वाटतं कोणतरी बसलंय. जवळ आला की पंखा आत ओढतो," जुहेब म्हणाला. अंगणासाठी त्याने काळी बादली दाखवली. तळाला पाणी, आत चिकट कागद. अंडी घालायला आलेली मादी तिथेच चिकटायची.

शकूने दोन्ही घेतली. पिशवीत भरताना जुहेब म्हणाला, "घरातलं यंत्र माणसाजवळ ठेवू नका हां. तुम्ही शेजारी असलात तर डास तुमच्याकडेच येणार. जिथं कोण बसत-झोपत नाय, अशी अंधारी जागा बघा."

शकूच्या घरात अशी एकच जागा होती.

हमरापूरच्या बाजूला, खाडीकडच्या अंगाला शकूचं घर. पुढे पडवी, मग मोठी खोली, स्वयंपाकघर आणि मागे किमयाची लहान खोली. किमया तिची एकुलती एक. गेल्या वर्षी, नववीत असताना, डेंग्यूने गेली. पाच दिवसांत सगळं आटोपलं. त्या खोलीला शकूने बाहेरून कडी घातली ती कायमचीच. झाडायलाही ती आत जात नव्हती. नवरा हरेश रोह्याच्या एका केमिकल कंपनीत होता, कायमचा नाइट शिफ्टला. संध्याकाळी जायचा, सकाळी आठला परत यायचा. नऊला शकू गणपतीच्या कारखान्यात कामाला जायची. दोघांची गाठ पडायची ती तासाभराचीच, आणि त्या तासाभरात किमयाचं नाव अकरा महिन्यांत एकदाही निघालं नव्हतं.

यंत्रं बघून हरेश एवढंच म्हणाला, "आता कुणासाठी?"

शकूने यंत्रं उचलून कोपऱ्यात ठेवली. शेजारच्या सरूच्या नातवाला ताप भरला होता, गावात फवारणीवाले येऊन गेले होते, हे तिला सांगता आलं असतं. पण ते खरं कारण नव्हतं. तिला डास मेलेले बघायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हरेश आंघोळीला गेला असताना, तिने कडी काढली. खोलीत कोंदट अंधार होता. खाटेवर किमयाची फुलाफुलांची चादर होती तशीच. शकूने कुठेच नजर ठरू दिली नाही. खाटेच्या पायथ्याशी यंत्र ठेवलं, बटण दाबलं, कडी घातली आणि कामावर गेली.

संध्याकाळी तिने जाळी उघडली. आत नऊ डास होते, पायांवर पांढरे पट्टे असलेले. तेच. तिने त्यांच्यावर चप्पल घासली, आणि फरशीवर लाल रेघ उमटली.

शकू बघतच राहिली. तिने एक डास चिमटीत चिरडला. बोटाला ताजं रक्त लागलं.

तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशीही तेच. रविवारी बाजारात गेली तेव्हा तिने जुहेबला सहज विचारल्यासारखं विचारलं, "रक्त प्यायलेला डास पण येतो काय रे यात?"

"पोट भरलेला कशाला येईल? येतो तो उपाशी. फार तर चावता चावता माणूस हलला, डास अर्ध्या पोटी उडाला, तर शिरेल. म्हणजे खोलीत माणूस पायजे, काकी."

"खोलीत कोण नाय."

"मंग बाहेरनं आला असेल कुठनंतरी," जुहेब म्हणाला, पण ती त्याच्याकडे अशी काही बघत होती की तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी येईपर्यंत शकूचं ठरून गेलं होतं. खोलीत कोणतरी आहे. आणि त्या खोलीत दुसरं कोण असणार?

त्या दिवसापासून तिचं वागणं बदललं. हरेश आंघोळीला गेला की ती कडी काढायची, दारातूनच हळू आवाजात म्हणायची, "जातेय गो मी कामाला." एकदा खाटेवरची चादर चुरगळलेली दिसली. एकदा उशीला खळगा दिसला. तिने हात लावून बघितला नाही. हात लावला तर काहीतरी मोडेल असं वाटलं. संध्याकाळी डास चिरडले की बोटाचं रक्त ती लगेच धूत नसे. चुलीपाशी बसून त्या डागाकडे बघत राही. हे लेकीचं रक्त, असं एकदा मनात आलं की भात करपला तरी तिला कळायचं नाही.

कधी वाटायचं, यंत्र बंद करावं. पोरीला चावणारे डास बोलावतोय आपण. पण बंद केलं तर ती आहे हे कळणार कसं? यंत्र चालूच राहिलं.

हरेशला तिने सांगितलं नाही. तो मोठ्या खोलीत पंख्याखाली चटई टाकून झोपतो, असं ती धरून चालली होती. त्याला सांगितलं तर तो हसला नसता, पण त्या खोलीचं दार उघडून वारा आत घेतला असता, खोली धुतली असती. तिला ते नको होतं.

कारखान्यात आता नवरात्रासाठी देवीच्या मूर्तींचं काम चालू होतं. शकू मुकुटांना सोनेरी रंग द्यायची. सोबतची बायजा एकदा म्हणाली, "काय गो शकू, तोंडातल्या तोंडात कोणाशी बोलतेस?" शकू दचकली.

त्याच दुपारी वीज गेली. रंगाचा कॉम्प्रेसर बंद पडला आणि शेटने सगळ्यांना घरी पाठवलं. एक वाजता शकू पडवीत पोचली. मोठ्या खोलीत चटई होती, पण गुंडाळलेली. हरेश दिसला नाही. कुठे तरी गेला असेल म्हणून ती मागे वळली, आणि थांबली.

किमयाच्या खोलीची कडी उघडी होती. दार नुसतं लोटलेलं होतं.

आतून श्वास ऐकू येत होता. झोपेतला, संथ. शकूने दाराला कान लावला. भीती वाटली नाही. अकरा महिने जिच्यासाठी छातीत काही अडकून होतं, ती एका दारापलीकडे झोपली होती. "किमया," ती म्हणाली, आणि दार ढकललं.

खाटेवर हरेश होता. उघडाबंब, गुडघे पोटाशी घेतलेला. खाट आखूड, म्हणून पावलं बाहेर आली होती. पाठीवर, दंडांवर, मानेवर चावे उठले होते, काही खाजवून फुटलेले. फुलाफुलांची चादर त्याने मुठीत धरली होती.

शकू खालीच बसली. तिला सुटल्यासारखं वाटलं नाही. लेक आता, या घटकेला, दुसऱ्यांदा गेली होती.

"तुमी?" ती ओरडली. "तुमी हाव इथं? रोज तुमीच?"

हरेश धडपडून उठला. मग तो भिंतीकडे बघत म्हणाला, "मला बाहेर झोप येत नाय."

"आणि अंगावर कपडा का नाय? एवढे डास चावतायत, कळत नाय?"

"कळतंय."

"मंग?"

"तिला चावले. मला का नको?" तो म्हणाला. "तू यंत्र आणून ठेवलंस. रोज तुझ्याकडे बघून वाटायचं सांगावं, मी इथंच झोपतो म्हणून. मी झोपायचो आणि वाट बघायचो, कधी ताप येतोय."

शकूने हातातली पिशवी त्याच्या अंगावर भिरकावली. मग उठली, दोरीवरचा सदरा ओढून काढला आणि त्याच्या खांद्यावर टाकला. "घाला. घाला म्हटलं ना! पेणला जायचंय."

रामवाडीजवळच्या एका लॅबच्या बाकावर दोघं बसली. पुढे सातआठ माणसं होती, कुणाचं पोर रडत होतं. हरेशचं अंग खरंच थोडं कोमट लागत होतं.

"त्या राती मी कंपनीत होतो," हरेश म्हणाला. "मोबाईल गेटवर जमा. तुझे एकवीस फोन मी सकाळी बघितले."

"मला म्हायत हाय."

"मी कधी विचारलं नाय तुला. काय बोलली ती, शेवटी?"

शकूने पदर बोटाला गुंडाळला. हे सांगायचं नाही असं तिने वर्षभर ठरवलं होतं. हॉस्पिटलच्या त्या खाटेवर किमयाचे डोळे मिटत होते, उघडत होते. खोटं बोलून त्याला आज हलकं करता आलं असतं.

"तीनदा विचारलं, बाबा आले काय," ती म्हणाली. "दोनदा मी नाय म्हटलं. तिसऱ्यांदा सांगितलं, आले. भायेर चपला काढतायत. मंग ती हसली आणि झोपली."

हरेशने मान हलवली. हलवतच राहिला.

"हरेश म्हात्रे," आतून हाक आली. "चपला बाहेर काढून या."

तो उठून दारापर्यंत गेला. एका पायातली चप्पल काढली, दुसरी काढायला वाकला आणि तसाच वाकून राहिला. मागची बाई म्हणाली, "भाऊ, चला ना." शकू गेली, खाली बसली, आणि आपल्या हाताने त्याच्या पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली.

रक्तात काही निघालं नाही. डॉक्टरांनी दोन दिवसांनी पुन्हा तपासायला सांगितलं, तेव्हाही नाही. हरेश त्याच खोलीत झोपत राहिला, पण सदरा घालून आणि मच्छरदाणी लावून, आणि दार सताड उघडं ठेवून. काळं यंत्र अंगणात बादलीशेजारी गेलं. आता दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत घरी आली की शकू आधी त्या खोलीच्या दारात उभी राहायची. मच्छरदाणीत कोण झोपलंय हे तिला आता पक्कं ठाऊक असायचं, तरी श्वास ऐकू येईपर्यंत ती तिथून हलायची नाही.